गाडी दीड इंच खाली

४ फेब्रुवारी

थोरल्या जाऊबाईंना धाकटीचा नमस्कार.

इतक्या दिवसांनी माझं अक्षर बघून तुम्ही आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं असेल. सगळं ठीक आहे. काम आहे म्हणून लिहितेय, हे मीच आधी कबूल करते, नाहीतर तुम्ही म्हणालच.

मला आमची गाडी खाली घ्यायची आहे. म्हणजे सस्पेन्शन बसकं करायचं आहे. दादा गेल्यापासून स्प्रिंगांचं आणि कमानपाट्यांचं दुकान तुम्ही एकट्या चालवताय, तेव्हा हे तुमच्याशिवाय विचारणार कुणाला? आमच्या कोपऱ्यावरचा मिस्त्री म्हणतो, "ताई, स्प्रिंगचे दोन-दोन वेढे कापून टाकतो. तासाभराचं काम, खर्च जवळजवळ नाहीच." ते इतकं स्वस्त वाटलं की मला भीतीच वाटली.

कारण विचाराल, तर हौस. ऑफिसातल्या तरुण मुलांच्या गाड्या कशा रस्त्याला चिकटून चालतात. आमची म्हणजे कपाटाला चाकं लावल्यासारखी दिसते.

फोन केला असता, पण तुमच्याकडे दिवसभर घणाचे आवाज, आणि मला सगळं नीट लिहून घ्यायचं आहे. उत्तर वर दिलेल्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा, घरी टपालाचा भरवसा नाही. हे बरे आहेत. कामात असतात.

धाकटी


९ फेब्रुवारी

धाकटे,

पाकीट उलटसुलट केलं नाही. दातांनी फोडलं, हात ग्रीसचे होते.

एक पान गाडीबद्दल आणि बारक्याबद्दल दोन वाक्यं. बरा आहे, कामात असतो. छान. मी या घरात आले तेव्हा सात वर्षांचा होता, दात पडलेला. त्याची शाळेची बटणं मी लावलीत. भावाशी पटलं नाही, दुकानात रमला नाही, वजनकाटे दुरुस्त करायचं शिकला आणि निघून गेला, त्याचं मला काही नाही. पण भाऊ गेला तेव्हा आला, तासभर बसला आणि गेला, त्याला तीन वर्षं झाली. त्यालाही हात आहेत. एक पत्र त्यालाही लिहिता येतं. असो.

आता गाडी. पंचेचाळिशीत ही हौस कुठून आली ते तुझं तू जाण. पण त्या मिस्त्रीला सांग, स्प्रिंग म्हणजे काकडी नाही. कापलेली स्प्रिंग तिच्या वाटीत नीट बसत नाही. गाडी खड्ड्यातून उसळली की चाक क्षणभर लोंबतं. आखूड झालेली स्प्रिंग तेवढ्यात जागची हलते, आणि चाक परत वर येताना कुठे टेकेल हे तिचं तिलाही ठाऊक नसतं. वळणावर असं झालं तर गाडी तुझी राहत नाही. काहीजण गॅसच्या ज्योतीनं तापवून स्प्रिंग दाबून बसवतात, ते तर त्याहून वाईट. पोलादातला जीवच जातो.

नव्या महागड्या किटचीही गरज नाही. तुझ्या गाडीच्याच सांगाड्यावर कंपनी एक बुटकी, डिकीवाली गाडी काढते. तिच्या स्प्रिंगा तुझ्या वाट्यांत चपखल बसतात आणि गाडी दीड इंच खाली येते. वापरलेल्या पण धडधाकट अशा माझ्या रॅकवर आहेत. दीड इंचाच्या पुढे मात्र हाव धरू नको. शॉकअब्सॉर्बरची चाल संपते, गाडी आपटायला लागते, आणि इंजिनखालचा तेलाचा चेंबर प्रत्येक गतिरोधकाला सलाम करत जातो.

पण त्या स्प्रिंगाही दोन-तीन जातींच्या आहेत. तेव्हा सांग: गाडीत रोज किती माणसं बसतात, कुठे बसतात, सामान किती, रस्ता कसा. आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून पाठव, चारही चाकांचं. पत्रातून दुरुस्ती म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, म्हणून मापं तरी खरी दे.

थोरली


१६ फेब्रुवारी

जाऊबाई,

तुमचं पत्र मिस्त्रीला वाचून दाखवलं. काकडीपाशी तो हसला, मग पुढचं पुन्हा वाचायला लावलं.

मापं वेगळ्या चिठ्ठीवर आहेत. मडगार्डचं चारही चाकांना जवळजवळ सारखंच आहे. ड्रायव्हरशेजारची सीट जमिनीपासून चोवीस इंच भरली.

गाडीत माझ्याबरोबर ऑफिसच्या चौघीजणी येतात, रोज, जाऊन-येऊन. अंगानं भरलेल्या आहेत सगळ्या. सामान विशेष नाही. रस्ता बरा म्हणायचा, बाजारापाशी तेवढा खराब.

तुम्ही रागावलात तरी पत्र मोठं लिहिलंत, बरं वाटलं.

धाकटी


२४ फेब्रुवारी

धाकटे,

चार स्प्रिंगा मालगाडीनं पाठवल्यात, पावती सोबत आहे. टॅक्सीत वापरतात त्या जातीच्या आहेत: आखूड, पण तार जाड. पाच भरलेल्या बायका म्हटल्यावर दुसरं काही चालणार नाही, पातळ तारेची घातली तर गाडीचं पोट रस्त्याला लागेल.

मिस्त्रीला हे वाच. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, भक्कम लोखंडी घोड्यांवर टेकवायची. स्प्रिंग दाबायला दोन्ही बाजूंनी शिकंजा लावायचा. दोरीनं बांधून धाडस करणारे मी पाहिलेत, एकाचा जबडा पाहिलाय. आतले रबरी ठोकळे नवे घालायचे. शॉकअब दाबून सोडायचा, तेल सुटलेलं दिसलं तर तोही बदलायचा, त्यात काटकसर नाही. खालचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे, नाहीतर रबरं पिळून आठवड्यात फाटतात. मग अलाइनमेंट, आणि हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्यायचा, पुढून येणाऱ्याचे डोळेही देवानं दिलेत. स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतंय का, ब्रेकची नळी ताणतेय का, ते बघायचं.

काम झालं की कळव. किती खाली आली तेही.

थोरली


२० मार्च

जाऊबाई,

स्प्रिंगा बसवल्या. मिस्त्री आधी फुगून बसला होता, पण शेवटचे बोल्ट गाडी उभी ठेवून आवळताना त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ते स्वतःचंच शहाणपण म्हणून सांगतो.

पण दोन अडचणी आहेत. तुम्ही दीड इंच म्हणाला होतात, गाडी पाऊण इंचच खाली आली. आणि चालते फार कडक. दगडावर बसल्यासारखी. बारीकसा खड्डाही थेट कण्यात जातो. गाडीत बसणाऱ्यांपैकी एकीला त्याचा बराच त्रास झालाय, डॉक्टरांनी काही दिवस झोपून राहायला सांगितलंय.

अजून खाली घेता येईल का? सीट वीस इंचांवर आली पाहिजे. एकवीस नाही चालणार, वीसच. काहीतरी उपाय सांगा. मला बाकी कुणाला विचारता येत नाही.

धाकटी


२५ मार्च

धाकटे,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग रॅकपाशी गेले आणि त्या जातीची उरलेली एक स्प्रिंग हातात घेऊन बसले.

त्या स्प्रिंगा पाच माणसांच्या भाराखाली दीड इंच बसतात. पाऊण इंच बसल्या याचा अर्थ तुझ्या गाडीत पाच माणसं नाहीत. दोन आहेत. फार तर दोन. कडक चालते तीही त्यामुळेच. भरलेल्या गाडीत त्या मऊ लागल्या असत्या. त्या चौघीजणी स्प्रिंगांवर कधी बसल्याच नाहीत, धाकटे. तू त्यांना पत्रात बसवलंस.

दुसरं. मी मडगार्डचं माप विचारलं, तू आपण होऊन सीटचंही दिलंस. हौसेनं गाडी खाली घेणारा माणूस चाक आणि मडगार्डमधली फट बघतो. सीट जमिनीपासून किती, हे तो मोजत नाही. आणि वीसच का? एकवीस का चालत नाही? वीस इंचांवर असं काय आहे, की तुझी सीट त्याच्या रेषेत यायला हवी?

मी दुकानातल्या बसायच्या सगळ्या वस्तूंची उंची मोजली. स्टूल अठरा. बाक सतरा. मग शेजारच्या दवाखान्यात पट्टी घेऊन गेले. कंपाउंडर माझ्याकडे बघतच राहिला. तिथली चाकाची खुर्ची, गादी घालून, वीस भरली.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. कोण बसतं त्या खुर्चीत?

थोरली


१९ एप्रिल

धाकटे,

तुझं उत्तर नाही. मी फार टोचून लिहिलं असेन. मला तसंच लिहिता येतं.

रागावली असलीस तर रागाव, पण दोन ओळी टाक. काही विचारणार नाही. एवढंच कर, की त्या जाड स्प्रिंगा काढून कंपनीच्या मूळच्या परत घाल. ज्याला त्रास झालाय त्याला त्या गाडीत अजिबात बसवू नको. हे मात्र ऐक.

थोरली


२८ एप्रिल

जाऊबाई,

मूळच्या स्प्रिंगा त्याच आठवड्यात घातल्या. उत्तर लिहायला वेळ लागला, कारण आधी घरी विचारायचं होतं, आणि विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी विचारलं. चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "लिही काय लिहायचं ते."

खुर्चीत तुमचे दीर बसतात.

सव्वा वर्ष झालं. ट्रक तोलायच्या मोठ्या काट्याचं काम होतं. त्याच्याखाली खड्डा असतो, वर पत्र्याची झाकणी. झाकणीवर पाय ठेवला आणि ती सरकली. आठ फूट खाली, पाठीवर. कुणाची चूक नव्हती, थोड्या वेळापूर्वी त्यांनीच ती उघडून परत लावली होती. दोन महिने हॉस्पिटलात होते. कमरेखाली काही कळत नाही, आणि डॉक्टर म्हणतात आता कळणारही नाही. हात चांगले आहेत, दंड तर आधीपेक्षा भरलेत. टेबलावरचे छोटे काटे घरी दुरुस्त करतात. पण घराबाहेर पडत नाहीत.

कारण गाडी. खुर्चीवरून सीटवर सरकायला गुळगुळीत फळी असते. फळी सपाट असली तर ते एकटे सरकतात, मी हॉस्पिटलात पाहिलंय. आमच्या गाडीची सीट खुर्चीपेक्षा चार इंच वर. फळीचा चढ होतो. मग मी आणि शेजारचे एक गृहस्थ मिळून काखेत हात घालून उचलतो. एकदा मध्येच त्यांची चप्पल गळून पडली आणि ती उचलायला कुणाचाच हात मोकळा नव्हता. त्या दिवसानंतर म्हणाले, "मला कुठे जायचं नाही." विषय बंद.

म्हणून गाडी. दुसरी घेणं जमणारं नव्हतं.

तुम्हाला कळवायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. का, ते तुम्हाला माहीत असेल. दादा गेल्यावर तुम्ही एकटीनं घण उचललात. हे म्हणतात, "तेव्हा दोन पाय असताना मदतीला गेलो नाही, आता चार चाकांवर बसून तिच्या दारात जाऊ?"

आणि आता खरं वाईट. ज्यांना झोपून राहायला सांगितलंय ते हेच. जाड स्प्रिंगा बसवल्यावर मी फार गळ घातली म्हणून त्यांनी एकदा उचलू दिलं, आणि आम्ही हौसेनं फेरफटका मारला, बाजारातून दोनदा. त्यांना खाली काही कळत नाही, म्हणून धक्के लागलेले कळले नाहीत. रात्री बघते तर माकडहाडाशी लाल चट्टा, पुढे त्याची जखम झाली. पाच आठवडे पोटावर पडून आहेत. आता भरत आलीय. चौघीजणी मी रचल्या नसत्या, तर तुम्ही मऊ स्प्रिंगा दिल्या असत्या. हे मला ठाऊक आहे. तुम्ही सांगायला नको.

धाकटी


२ मे

बारक्या,

हे पत्र तुला आहे, घरच्या पत्त्यावर. तुझ्या बायकोशी मला सध्या बोलायचं नाही. ती मापं खोटी देते. तू वजनकाट्यावाला आहेस, तू दे.

मला हवं ते असं. तुझं वजन. खुर्चीची उंची, तू बसलेला असताना, गादी दबल्यावर. गादीची जाडी आणि ती कशाची आहे ते. फळीची लांबी. सीट ज्यांवर पुढेमागे सरकते त्या पट्ट्या गाडीच्या तळाला थेट बोल्ट केल्यात की मध्ये लोखंडी ठोकळे आहेत, ते खाली वाकून कुणाला तरी बघायला सांग. आणि जखम कुठवर भरली. लाजू नको, तुझे गुडघे मी पुसलेत.

तू खड्ड्यात पडलास आणि मला सव्वा वर्षानं चाकाच्या खुर्चीची उंची मोजून ते शोधून काढावं लागलं. त्याबद्दल मला पुष्कळ म्हणायचं आहे. ते समोरासमोर म्हणेन. टपालखर्चात परवडणार नाही.

वहिनी


१० मे

वहिनी,

वजन अठ्ठावन्न किलो चारशे ग्रॅम. पोती तोलायच्या काट्यावर खुर्चीसकट चढलो आणि खुर्ची वजा केली. काटा त्याआधी प्रमाणित वजनांनी तपासून घेतला होता.

खुर्ची वीस इंच. मी बसल्यावर एकोणीस आणि पाऊण. गादी फोमची, दोन इंच, बसकी झालेली आहे, हे डॉक्टरही म्हणाले. फळी अठ्ठावीस इंच. सीटच्या पट्ट्यांखाली ठोकळे आहेत, चार, एक इंच उंचीचे. मिस्त्रीनं वाकून पाहिलं. मी त्याला मापायला व्हर्नियर दिला होता, तो त्यानं उलटा धरला, म्हणून दुसऱ्यांदा बघायला लावलं.

जखम भरली. डॉक्टरांनी गेल्या सोमवारपासून बसायची परवानगी दिलीय, दर थोड्या वेळानं हातांवर अंग उचलायचं या बोलीवर.

हिच्यावर मी चिडलेलो नाही. चार दिवस बोललो नाही, पण ते चिडणं नव्हे.

तू घरच्या पत्त्यावर लिहिलंस तेव्हा पाकीट मी लगेच फोडलं नाही. दुपारभर टेबलावर होतं. मला वाटलं होतं, आत रडणं असेल. सुरुवातीलाच मापं मागितलीस, मग पुढचं वाचता आलं.

दारात येण्याचं म्हणशील, तर उचलून घातलेला आणि उचलून काढलेला असा मी येणार नाही. यात तुझा अपमान नाही. एवढं समजून घे.

बारक्या


१७ मे

बारक्या,

उचलून घातलेला येऊ नकोस. मी बोलावलेलंही नाही अजून.

तुझी सीट चोवीस, खुर्ची वीसच धर (तुझ्याखाली ती पाव इंच दबते, तशी सीटही दबेल), मध्ये चार इंच. तुझ्या बायकोला ते चारही गाडीकडून हवे होते. एकट्या गाडीकडून मागितले तर ती मोडते. थोडं तिनं खाली यायचं, थोडं तू वर जायचं.

स्प्रिंगा पाठवतेय, या वेळी पातळ तारेच्या, हलक्या इंजिनच्या डिकीवाल्या गाडीच्या. तुमच्या दोघांच्या वजनाला त्या दीड इंच बसतील आणि मऊ चालतील. पण मागे कुणाला बसवायचं तर एकालाच, आणि डिकीत पोती भरायची नाहीत. त्या चौघीजणींना मी नाही म्हणून सांगितलंय, असं धाकटीला सांग. सीटखालचे एक इंचाचे ठोकळे काढायचे आणि सीट मूळच्या भोकांत, योग्य लांबीच्या कडक पोलादी बोल्टांनी आवळायची. पट्टी कापायची नाही, वेल्डिंग करायचं नाही. अपघात झाला तर तुला धरून ठेवणारी तीच एक गोष्ट आहे. झाले अडीच इंच.

खुर्चीची बसकी गादी फेकून दे आणि डॉक्टरांना विचारून तिच्याहून एक इंच जास्त जाड, चांगली गादी घे. तुझ्या कातडीलाही तीच हवी. झाले साडेतीन.

अर्धा इंच उरला. तो तुझ्या दंडांचा.

नव्यानं घातलेल्या स्प्रिंगा पाचेकशे किलोमीटर चालल्या की बसतात, मग अलाइनमेंट पुन्हा बघावी लागते. ती मात्र मी बघणार. दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. तेवढं अंतर तू धाकटीबरोबर कुठे फिरून पुरं करतोस ते तुझं तू बघ.

वहिनी


३० जून

जाऊबाई,

काल घरी नीट पोचलो. गाडी झोपाळ्यासारखी आली. मी तीनदा थांबून त्यांची पाठ बघितली, कातडी स्वच्छ आहे.

तुमच्या दुकानात मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. ते पाचशे किलोमीटर कसे झाले तेही सांगते. पहिल्या दिवशी स्वतः सरकून बसले. अर्ध्यावर फळी करकरली, मी पुढे झाले, तर म्हणाले, "तिथेच उभी राहा." बसले, दार ओढलं, पट्टा लावला आणि म्हणाले, "चल." कुठे विचारलं, तर, "कुठेही." आम्ही आमच्या गावाच्या बाहेरून नुसते फिरलो. दुसऱ्या दिवशी दोन दुकानांचे काटे स्वतः पोचवायला निघाले. दुकानदार रस्त्यावर येऊन खिडकीतून काटा घेतात, तिथेच हिशेब, तिथेच गप्पा. तिसऱ्या आठवड्यात मीटर बघून म्हणाले, "पाचशेच्या वर झाले. वहिनी वाट बघत असेल."

आता माझं म्हणणं. आम्ही तुमच्या दारात थांबलो. त्यांनी फळी लावली. रस्ता उतरता होता, खुर्ची हलत होती, लोक थांबून बघत होते, आणि ते मध्यावर अडकले. तुम्ही चार पावलांवर, उंबऱ्यात, हात पाठीमागे बांधून उभ्या. पुढे आला नाहीत. तोंडातून फक्त, "घाई नाही." मला इतका राग आला, जाऊबाई! सात वर्षांच्या पोराची बटणं लावणारी बाई ती हीच का, असं वाटलं. म्हणून मी जेवताना गप्प होते. तुम्हाला कळलंच असेल.

परतताना मी यांना म्हटलं, "वहिनींनी साधा हात पुढे केला नाही. वाईट वाटलं का?" हे म्हणाले, "इतक्या महिन्यांत मी फळीवर असताना प्रत्येकजण एकतर धावतो, नाहीतर मान फिरवतो. ती एकटी निवांत उभी राहून बघत होती. जणू मी बूट घालतोय."

माझा राग गेला, हे तुम्हाला कळवायला हवं होतं.

तुम्ही दोघं अलाइनमेंटच्या खड्ड्यापाशी तासभर काय बोलत होतात ते मी विचारणार नाही. त्यांनी घरी आल्यावर मला, "दादाचा घण अजून तिथेच आहे," एवढंच सांगितलं आणि झोपले. रात्रभर नीट झोपले.

धाकटी


५ जुलै

धाकटे,

पत्र मिळालं. रागावलीस ते बरोबरच होतं. मीही रागावले असते.

बारक्याला वाटलं मी निवांत बघत होते. वाटू दे. पण तुला खरं सांगते, मी निवांत नव्हते. हात पाठीमागे उगीच नव्हते. तो मध्यावर अडकला तेव्हा मी पाठीशी असलेल्या दाराची कडी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. सोडली असती तर धावले असते, आणि धावले असते तर तो पुन्हा कधी आला नसता. "घाई नाही" म्हणाले ते मला स्वतःला. कडीचा वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत तळहातावर होता, स्प्रिंग दाबताना झोंबत होता.

हे त्याला सांगू नको.

अलाइनमेंट मी लावली ती अगदी बरोबर आहे, केसाचाही फरक नाही. पण त्याला म्हणावं, गाडी किंचित डावीकडे ओढते असं वहिनीला वाटतं, पुढच्या महिन्यात पुन्हा आणून दाखवावी लागेल. ओढत नाही. पण तू तसं सांग. खोटं बोलायला तुला कुणी शिकवायला नको.

थोरली